सीएनसी लेथवर आटे पाडणे

सीएनसी लेथवर आटे पाडणे ही संगणकनियंत्रित लेथ यंत्रावर दंडगोलाकार किंवा निमुळत्या पृष्ठभागावर मळसूत्री खाच कापण्याची यंत्रण प्रक्रिया आहे. या प्रक्रियेत, कारखान्यात जॉब म्हणून ओळखली जाणारी कार्यवस्तू स्पिंडलवर फिरत असते आणि एक टोकदार कर्तन हत्यार तिच्या अक्षाला समांतर सरकत असते. जॉबच्या प्रत्येक फेऱ्यात हत्यार एक ठरावीक अंतर पुढे जाते आणि त्यामुळे खाचेला मळसूत्राचा आकार येतो. बोल्ट, स्टड, नळजोड, यंत्रांतील चलनस्क्रू, वायू व द्रव यांच्या झडपा अशा असंख्य भागांवरील आटे या पद्धतीने तयार होतात.

आट्यांची पूर्ण खोली एका कापात गाठता येत नाही. हत्यार त्याच खाचेतून अनेक वेळा, दर वेळी थोडे अधिक खोल न्यावे लागते. म्हणून प्रत्येक कापाच्या वेळी हत्यार नेमके आधीच्याच खाचेत शिरणे, म्हणजेच स्पिंडलचे फिरणे आणि हत्याराचे सरकणे यांचा मेळ कायम राखणे, हा या प्रक्रियेचा गाभा आहे. गतीची निवड, हत्यार कोठून सुरू करायचे, काप कसे द्यायचे यांविषयीचे बहुतेक नियम याच एका गरजेतून निर्माण झाले आहेत. आटे पाडण्याचे काम बहुधा जॉबवरील शेवटच्या कामांपैकी असते. त्यामुळे या टप्प्यावरील चुकीने आधीची सर्व मेहनत व माल वाया जातो.

## इतिहास

हाताने नियंत्रित लेथवर अचूक आटे पाडण्याची पद्धत इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागली. हेन्री मॉड्स्ली याने १८०० च्या सुमारास लीडस्क्रू, सरकता हत्यारधारक आणि बदलता येणारी दंतचक्रे एकत्र आणून मळसूत्र कापण्याचा लेथ तयार केला. स्पिंडल व लीडस्क्रू दंतचक्रांनी जोडलेले असल्याने एकाच्या फेऱ्यांचे दुसऱ्याच्या फेऱ्यांशी प्रमाण निश्चित राही. दंतचक्रे बदलली की वेगळ्या अंतराचे आटे पाडता येत.

अचूक आटे पाडता येऊ लागल्यावर त्यांच्या प्रमाणीकरणाची गरज भासू लागली. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये ५५ अंश कोनाच्या आट्यांची प्रमाण पद्धत सुचवली. अमेरिकेत विल्यम सेलर्स याने १८६४ मध्ये ६० अंशांच्या आट्यांचा प्रस्ताव मांडला. आज सर्वाधिक वापरात असलेले आयएसओ मेट्रिक आटेही ६० अंशांचे आहेत. भारतात या आट्यांसाठी आयएस ४२१८ हे भारतीय मानक लागू आहे.

संख्यात्मक नियंत्रणाचा पाया अमेरिकेत जॉन पार्सन्स यांची कल्पना आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधन यांतून घातला गेला. तेथे १९५२ मध्ये संख्यात्मक नियंत्रणावर चालणारे मिलिंग यंत्र दाखवण्यात आले. पुढे हे नियंत्रण लेथवर आले आणि स्पिंडल व लीडस्क्रू यांना जोडणाऱ्या दंतचक्रांची जागा विद्युत संकेतांनी घेतली.

## आट्यांची परिभाषा

पिच म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांवरील सारख्या बिंदूंमधील, अक्षाला समांतर मोजलेले अंतर. लीड म्हणजे एका फेऱ्यात नट अक्षाच्या दिशेने जितका सरकतो ते अंतर. एकच खाच असलेल्या आट्यांत पिच व लीड समान असतात. दोन किंवा अधिक समांतर खाचा असल्यास पिचला खाचांच्या संख्येने गुणले की लीड मिळते.

आट्यांच्या वरच्या कडेला माथा व खालच्या भागाला तळ म्हणतात. माथ्यावर मोजलेला व्यास हा बाह्य आट्यांचा मोठा व्यास आणि तळाशी मोजलेला तो तळव्यास होय. या दोहोंच्या दरम्यान पिच व्यास असतो. ज्या काल्पनिक दंडगोलावर आट्याची जाडी व खाचेची रुंदी सारखी भरते, त्याचा तो व्यास असतो. नट-बोल्टची जुळणी घट्ट होणार की सैल, हे मुख्यतः पिच व्यासावर ठरते.

या लेखात उदाहरणासाठी एम२० × २.५ हे आटे घेतले आहेत. त्यांचा मोठा व्यास २० मिमी, पिच २.५ मिमी आणि मूळ पिच व्यास १८.३७६ मिमी असतो. बाह्य मेट्रिक आट्यांची खोली पिचच्या ०.६१३४ पट धरतात. त्यानुसार येथे खोली १.५३४ मिमी आणि तळव्यास सुमारे १६.९३३ मिमी येतो.

## कार्यतत्त्व

सीएनसी लेथच्या स्पिंडलला एन्कोडर जोडलेला असतो. स्पिंडलच्या प्रत्येक फेऱ्यात तो ठरावीक संख्येने स्पंद पाठवतो. त्यांवरून नियंत्रकाला स्पिंडलची गती व कोनीय स्थिती कळते. याशिवाय प्रत्येक फेऱ्यात एकदाच येणारा एक खूणस्पंद असतो. आटे पाडण्याची आज्ञा मिळाल्यावर नियंत्रक या खूणस्पंदाची वाट पाहतो आणि तो मिळताच हत्याराची वाटचाल सुरू करतो. प्रत्येक काप स्पिंडलच्या एकाच कोनीय स्थितीपासून सुरू होत असल्याने हत्यार पुन्हा त्याच खाचेत शिरते.

साध्या लेथवर हे काम कारागिराच्या कौशल्यावर अवलंबून असते. चेसिंग डायलवरील योग्य खूण जुळली की अर्धनट लीडस्क्रूवर बसवायचा, किंवा अर्धनट तसाच ठेवून यंत्र उलटे फिरवत हत्यार मागे आणायचे, असे दोन मार्ग तेथे असतात. सीएनसी यंत्रात ही जबाबदारी एन्कोडर व नियंत्रक घेतात.

या हालचालींची गती लक्षणीय असते. स्पिंडल मिनिटाला १,००० फेरे करत असेल आणि पिच २.५ मिमी असेल, तर हत्याराला मिनिटाला २,५०० मिमी, म्हणजे सेकंदाला सुमारे ४१.७ मिमी सरकावे लागते. ३० मिमी लांबीचे आटे १२ फेऱ्यांत, पाऊण सेकंदापेक्षाही कमी वेळात कापले जातात. इतक्या अल्प वेळात कारागिराला हस्तक्षेप करण्यास वाव नसतो. म्हणून सर्व निर्णय काप सुरू होण्यापूर्वीच घ्यावे लागतात.

## गतीविषयीचे नियम

### स्थिर फेरे

सामान्य टर्निंगमध्ये कर्तनवेग कायम राखण्यासाठी जॉबचा व्यास कमी होईल तसे फेरे वाढवले जातात. फॅनुक पद्धतीच्या नियंत्रकांत ही आज्ञा जी९६ अशी दिली जाते. आटे पाडताना मात्र ती वापरत नाहीत. प्रत्येक कापागणिक हत्यार थोड्या लहान व्यासावर काम करते आणि जी९६ चालू असल्यास फेरेही बदलतात. म्हणून जी९७ या आज्ञेने फेऱ्यांची संख्या स्थिर ठेवतात.

फेरे बदलले तरी एन्कोडर मेळ राखेल, असे वाटण्याचा संभव आहे. मात्र सरकणाऱ्या अक्षाची प्रत्यक्ष स्थिती नियंत्रकाच्या आज्ञेपेक्षा नेहमी किंचित मागे असते. हे मागे राहणे गतीच्या प्रमाणात वाढते. अक्षाचा कालस्थिरांक ३३ मिलिसेकंद धरल्यास वरील उदाहरणात हत्यार सुमारे १.३८ मिमी मागे राहते. सर्व काप एकाच गतीने झाले तर हे अंतर प्रत्येक वेळी तेवढेच राहते आणि आट्यांवर परिणाम होत नाही. काही काप १,००० फेऱ्यांवर घेऊन पुढचा काप ५०० फेऱ्यांवर घेतला, तर हे अंतर निम्मे होते आणि खाच जवळपास ०.७ मिमी सरकते. २.५ मिमी पिचमध्ये हा फरक पाव पिचहून अधिक आहे. अशा वेळी हत्यार खाचेत न शिरता आट्याच्या बाजूवर आदळते. आधुनिक नियंत्रकांत ही त्रुटी बऱ्याच अंशी भरून काढण्याची सोय असते. तरीही सुरुवातीच्या कापापासून अखेरच्या कापापर्यंत फेरे न बदलणे हाच सर्वमान्य नियम आहे.

### फीड व थांबा

आटे कापले जात असताना फीड कमी-जास्त करण्याचे बटण सामान्यतः निष्प्रभ होते आणि फीड शंभर टक्क्यांवर राहते. फीड होल्डचे बटण दाबले तरी अनेक नियंत्रकांत चालू असलेला काप पूर्ण झाल्यावरच यंत्र थांबते. हत्यार खाचेत असताना मध्येच थांबल्यास जॉब फिरतच राहतो, खाचेचा आकार बिघडतो आणि हत्याराचे टोक तुटण्याचा धोका असतो. काही नियंत्रकांत फीड होल्ड दाबताच हत्यार तिरकस दिशेने खाचेबाहेर काढण्याची सोय असते. नवशिक्यांना हा फरक आधीच माहीत असणे आवश्यक आहे, कारण इतर कामांत लगेच थांबणारे यंत्र येथे लगेच थांबत नाही. आणीबाणीचे बटण मात्र यंत्र बंद करते, जॉबचे काहीही होवो.

### सुरुवातीचे व शेवटचे अंतर

स्थिर हत्याराला पूर्ण गती घेण्यास काही अंतर लागते. या अंतरात कापलेल्या आट्यांची पिच चुकते. म्हणून हत्यार जॉबच्या तोंडापासून काही अंतर दूर, हवेतच सुरू करतात. साधारणपणे निदान दोन ते तीन पिच इतके अंतर ठेवण्याचा प्रघात आहे. वरील उदाहरणातील गतीसाठी सुमारे ५ मिमी अंतर पुरेसे ठरते. फेरे किंवा पिच वाढल्यास हे अंतर त्याच प्रमाणात वाढवावे लागते.

शेवटी हत्याराला थांबण्यासाठीही जागा लागते. त्यासाठी आट्यांच्या अखेरीस आधीच एक गोलाकार खाच काढून ठेवतात. अशी खाच शक्य नसल्यास हत्यार शेवटच्या आट्यात तिरकस बाहेर काढतात. लगेच पुढे खांदा असलेल्या जॉबवर ही जागा न ठेवल्यास हत्यार खांद्यावर आदळू शकते.

## काप देण्याच्या पद्धती

### खोलीची विभागणी

आट्यांची खाच त्रिकोणी असल्याने हत्यार जितके खोल जाते, तितकी धातूशी स्पर्श करणारी धार लांब होते. कापलेल्या भागाचे क्षेत्रफळ खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. खोलीचे दहा समान भाग केले, तर पहिल्या कापात एकूण धातूचा केवळ शंभरावा हिस्सा निघतो आणि दहाव्या कापात एकोणीस हिस्से निघतात. म्हणजे ज्या वेळी पृष्ठभाग नीटस यायला हवा, त्याच वेळी हत्यारावर सर्वाधिक भार येतो.

हे टाळण्यासाठी प्रत्येक कापात सारखेच क्षेत्रफळ निघेल अशी विभागणी करतात. त्यासाठी कोणत्याही कापाअखेरची एकूण खोली ही पहिल्या कापाच्या खोलीला कापाच्या क्रमांकाच्या वर्गमुळाने गुणून काढतात. एम२० × २.५ आट्यांसाठी पहिला काप ०.५ मिमी धरल्यास विभागणी पुढीलप्रमाणे होते.

| काप | एकूण खोली (मिमी) | या कापातील वाढ (मिमी) |
|---|---|---|
| १ | ०.५०० | ०.५०० |
| २ | ०.७०७ | ०.२०७ |
| ३ | ०.८६६ | ०.१५९ |
| ४ | १.००० | ०.१३४ |
| ५ | १.११८ | ०.११८ |
| ६ | १.२२५ | ०.१०७ |
| ७ | १.३२३ | ०.०९८ |
| ८ | १.४१४ | ०.०९१ |
| ९ | १.५०० | ०.०८६ |
| १० | १.५३४ | ०.०३४ |

पहिले नऊ काप समान क्षेत्रफळाचे आहेत आणि दहावा सफाईचा आहे. फार बारीक काप देणेही हितावह नसते. धार धातूत शिरण्याऐवजी त्यावर घासली जाते. स्टेनलेस स्टीलसारख्या धातूंचा पृष्ठभाग अशा घासण्याने कठीण होतो आणि हत्यार लवकर झिजते.

### हत्यार खोल नेण्याची दिशा

हत्यार सरळ जॉबच्या अक्षाकडे नेल्यास त्याच्या दोन्ही बाजू एकाच वेळी कापतात. दोन्ही बाजूंनी निघालेल्या चिप्स मध्यभागी एकमेकींवर येतात, उष्णता वाढते आणि मोठ्या पिचमध्ये कंपने निर्माण होतात. लहान पिचसाठी ही पद्धत पुरेशी असते.

दुसऱ्या पद्धतीत हत्यार आट्याच्या एका बाजूला समांतर तिरकस नेतात. त्यामुळे बराचसा धातू एकाच धारेने कापला जातो आणि चिप एका दिशेला निघून जाते. ६० अंशांच्या आट्यांत ही दिशा नेमकी ३० अंशांची ठेवल्यास मागची धार केवळ घासत राहते. म्हणून कोन एखाद्या अंशाने कमी, सुमारे २९ अंश ठेवणे पसंत केले जाते. तिसऱ्या पद्धतीत एकदा एका व एकदा दुसऱ्या बाजूने काप देतात. त्यामुळे दोन्ही धारा सारख्या झिजतात. मोठ्या पिचच्या आट्यांसाठी ही पद्धत उपयुक्त असते.

## आज्ञावली

फॅनुक पद्धतीच्या नियंत्रकांत आट्यांसाठी तीन मुख्य आज्ञा आहेत. जी३२ ही आज्ञा केवळ एका कापातील मेळ साधलेली हालचाल करते. हत्यार बाहेर काढणे, मागे आणणे व पुन्हा खोल नेणे या हालचाली स्वतंत्र ओळींत लिहाव्या लागतात. जी९२ या आज्ञेत एका कापाचे संपूर्ण चक्र असते आणि पुढील प्रत्येक कापासाठी फक्त नवा व्यास द्यावा लागतो. जी७६ या आज्ञेत सर्व कापांची विभागणी नियंत्रक स्वतः करतो. सीमेन्सच्या नियंत्रकांत यासाठी सायकल९७ व सायकल९९ अशी चक्रे आहेत. जी९२ सारख्या आकड्यांचा अर्थ सर्व नियंत्रकांत एकच नसतो. त्यामुळे एका यंत्राची आज्ञावली दुसऱ्यावर चालवण्यापूर्वी त्या यंत्राची पुस्तिका पाहणे आवश्यक असते.

वरील तक्त्यातील आटे जी७६ च्या दोन ओळींत असे लिहिता येतात:

जी७६ पी०१००६० क्यू०५० आर०.०३४
जी७६ एक्स१६.९३३ झेड-३०.० पी१५३४ क्यू५०० एफ२.५

पहिल्या ओळीतील पी नंतरच्या सहा अंकांत सफाईच्या कापांची संख्या, शेवटच्या तिरकस भागाची लांबी आणि हत्याराचा कोन या क्रमाने प्रत्येकी दोन अंक असतात. क्यू ही कापाची किमान खोली मायक्रॉनमध्ये आणि आर ही सफाईसाठी राखलेली खोली असते. दुसऱ्या ओळीत एक्स हा अखेरचा तळव्यास, झेड हे शेवटचे स्थान, पी ही आट्यांची खोली, क्यू ही पहिल्या कापाची खोली आणि एफ ही लीड असते. दोन्ही ओळींतील पी व क्यू यांचे अर्थ वेगळे असल्याने त्यांची अदलाबदल होणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. पी व क्यू यांत दशांश चिन्ह देऊ नये, हेही लक्षात ठेवावे लागते.

## हत्यार व जॉबची मांडणी

बहुतेक ठिकाणी कार्बाइडचे बदलता येणारे इन्सर्ट वापरले जातात. पूर्ण आकाराचा इन्सर्ट खाचेबरोबर आट्याचा माथाही घडवतो. त्याने आटे नेमके येतात, परंतु प्रत्येक पिचसाठी वेगळा इन्सर्ट लागतो. आंशिक आकाराचा इन्सर्ट अनेक पिचसाठी चालतो. मात्र त्याच्या टोकाची गोलाई सर्वांत लहान पिचला साजेशी असते आणि माथ्याचा व्यास आधीच नेमका कातून ठेवावा लागतो.

आटे अक्षाला काटकोनात नसून तिरके असतात. एम२० × २.५ साठी हा चढाचा कोन सुमारे २.५ अंश असतो. इन्सर्टही तितकाच कलता नसल्यास त्याची एक बाजू खाचेच्या भिंतीवर घासते. हा कल देण्यासाठी इन्सर्टखाली योग्य कोनाची पट्टी बसवतात. हत्याराचे टोक जॉबच्या मध्यरेषेच्या उंचीवर असणेही आवश्यक आहे. लांब व बारीक जॉब हत्याराच्या दाबाने वाकतो आणि आटे मोकळ्या टोकाकडे जाड राहतात. म्हणून त्याला टेलस्टॉकचा आधार देतात.

आतील आट्यांसाठी आधी भोक योग्य व्यासाचे करावे लागते. एम२० × २.५ च्या ६एच दर्जाच्या नटासाठी हा व्यास १७.२९४ ते १७.७४४ मिमी असतो. आत चिप्स अडकतात आणि लांब हत्यारधारक लवचतो. त्यामुळे कापांची संख्या वाढवतात आणि कूलंट दाबाने सोडतात.

एकाहून अधिक खाचांचे आटे पाडताना एक खाच पूर्ण झाल्यावर स्पिंडलचा सुरुवातीचा कोन बदलतात, किंवा हत्यार एक पिच मागे-पुढे घेऊन सुरू करतात. दोन खाचांसाठी हा कोन १८० अंशांनी बदलतो. नळजोडांच्या निमुळत्या आट्यांत हत्यार अक्षाशी तिरके चालवतात. अशा आट्यांच्या बीएसपीटी व एनपीटी या दोन्ही प्रचलित प्रकारांत व्यासाचा उतार १६ ला १ असतो. त्यांचे कोन मात्र अनुक्रमे ५५ व ६० अंश असल्याने ते एकमेकांत बसवता येत नाहीत.

## तपासणी व दुरुस्ती

कारखान्यात आट्यांची तपासणी मुख्यतः गो व नो-गो गेजने होते. गो गेज पूर्ण लांबीवर सहज फिरले पाहिजे आणि नो-गो गेज सुरुवातीलाच अडले पाहिजे. एम२० × २.५ च्या ६जी दर्जाच्या बोल्टचा पिच व्यास १८.१६४ ते १८.३३४ मिमी या मर्यादेत असावा लागतो. प्रत्यक्ष माप घेण्यासाठी आट्यांचा मायक्रोमीटर किंवा तीन तारांची पद्धत वापरतात. या पद्धतीत एका बाजूला दोन व दुसऱ्या बाजूला एक तार खाचेत ठेवून त्यांच्यावरून माप घेतात. २.५ मिमी पिचसाठी तारेचा आदर्श व्यास १.४४३ मिमी असतो.

गो गेज बसत नसेल, तर जॉब चकमधून न काढता हत्याराच्या ऑफसेटमध्ये किंचित बदल करून अखेरचे काप पुन्हा घेतात. जॉब एकदा चकमधून काढला की त्याच्या खाचेचा आणि खूणस्पंदाचा कोनीय संबंध तुटतो. तो पुन्हा तसाच बसवणे हाताने जवळपास अशक्य असते. म्हणून तपासणी यंत्रावरच, स्पिंडल पूर्ण थांबवून करावी, असा दंडक आहे. वापरलेल्या किंवा खराब झालेल्या आट्यांच्या दुरुस्तीसाठी काही नियंत्रकांत विशेष सोय असते. स्थिर स्पिंडलवर हत्यार खाचेत बसवून त्या स्थितीची नोंद केली जाते आणि नियंत्रक त्यानुसार सुरुवातीचा कोन जुळवून घेतो.

## सुरक्षितता

आटे पाडताना लांब, धारदार चिप्स निघतात आणि त्या जॉबभोवती गुंडाळल्या जातात. त्या हाताने ओढणे, फिरत्या आट्यांवर कापड किंवा एमरी कागद धरणे, हातमोजे घालून फिरत्या जॉबजवळ जाणे हे सर्व प्रकार जीवघेणे ठरू शकतात, कारण आटे कापड पकडून हात आत ओढतात. आज्ञावली प्रथमच चालवताना हत्यार जॉबपासून दूर ठेवून हवेत फेरी घेणे आणि सुरुवातीचे व शेवटचे अंतर डोळ्यांनी पडताळणे ही नेहमीची खबरदारी आहे.

## इतर पद्धती

आटे पाडण्यासाठी टॅप व डाय, थ्रेड मिलिंग आणि थ्रेड रोलिंग याही पद्धती वापरल्या जातात. रोलिंगमध्ये धातू कापला न जाता दाबून आकार दिला जातो. त्यामुळे धातूचे तंतू अखंड राहून आटे अधिक बळकट होतात आणि मोठ्या संख्येने बोल्ट बनवण्यासाठी ही पद्धत सोयीची ठरते. लेथवर मात्र एकाच हत्याराने वेगवेगळ्या व्यासांचे, डावे वा उजवे, सरळ वा निमुळते आटे पाडता येतात. तसेच बाकीचे टर्निंग झालेल्या जॉबवर तो न हलवता आटे पाडता येत असल्याने ते इतर पृष्ठभागांशी समकेंद्री राहतात. भारतातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या टर्नर अभ्यासक्रमात साध्या लेथवर आटे पाडण्याबरोबर सीएनसी टर्निंगचाही समावेश आहे.